मुनेकाता सेन्सेईंची खिडकी

मुनेकाता सेन्सेईंनी जन्मात कधी धुणं वाळत घातलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यातूनच झालं. पृथ्वीच्या पोटात शंभर किलोमीटरवर काय शिजतं ते हा माणूस छातीठोकपणे सांगायचा, पण स्वतःचा शर्ट घरात कुठे वाळतो ते त्याला माहीत नव्हतं.

आमच्या कागोशिमात हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. खाडीपलीकडे साकुराजिमा ज्वालामुखी बसलाय, मनात येईल तेव्हा खोकतो आणि राख टाकतो. उन्हाळ्यात वारा पूर्वेचा, म्हणून राख शहरावर. हिवाळ्यात वारा फिरतो आणि राख पलीकडच्या किनाऱ्यावर, तारुमिझूला. संध्याकाळच्या बातम्यांत डोंगरावरचा वारा उद्या कुठे वाहणार ते सांगतात आणि त्यावरून घरोघरी ठरतं, चादरी बाहेर घालायच्या की आत. जून ते सप्टेंबर खिडकी उघडी टाकणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर डोक्यानं सरकलेला.

सेन्सेई पाहुणे नव्हते. क्योतोहून येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांच्या अंगावर रोज पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. तो तसा कसा राहतो हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांना मोठे प्रश्न पडत.

आमची शिओमी संशोधनसंस्था म्हणजे टेकडीवरची तीन मजली इमारत. रताळ्याची शोचू दारू गाळून गब्बर झालेला एक म्हातारा मरताना पैसे ठेवून गेला, त्यातून ती उभी राहिली. आजही दर नववर्षाला त्याच्या नातवंडांकडून दोन खोकी शोचू येते, आणि खरं सांगायचं तर संस्थेतली शंका घेऊ नये अशी तेवढी एकच गोष्ट होती. मी तिथे दाबयंत्र चालवणारी सहायक संशोधक. आडनाव साकोदा, वय एक्केचाळीस, करार दर मार्चला संपणारा. तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे संचालक म्हणून मुनेकाता सेन्सेईंच्या सहीवर, आणि सही त्यांच्या मर्जीवर.

विषय सांगते, फार अवघड नाही. समुद्राचा तळ आमच्या बेटाखाली सरकत जातो, आपली नखं वाढतात त्या चालीनं. जाताना ओल घेऊन जातो. खाली प्रावरणाच्या तापलेल्या खडकात ती ओल शिरली की एरवी वितळला नसता तो खडक वितळायला लागतो, आणि वर आम्हाला ज्वालामुखी मिळतो. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. तो जो पहिला शिलारस सुटतो, तो कसला? बहुतेकांचं म्हणणं, काळा आणि पातळ. वर येता येता वाटेत थांबतो, मुरतो, आजूबाजूचं खातो, तेव्हा कुठे त्याचा राखाडी, घट्ट रस होतो, आमच्या डोंगरातून निघतो तसा. सेन्सेई म्हणत, मुरणं वगैरे सगळं थोतांड आहे. तो खालूनच राखाडी निघतो.

आणि त्यांनी ते करून दाखवलं होतं. प्रावरणातला हिरवा खडक अकीकाच्या खलात पिठासारखा घोटायचा, ते पीठ आणि पाण्याचा थेंब तांदळाच्या दाण्याएवढ्या सोन्याच्या कुपीत बंद करायचा, कुपी दाबयंत्रात ठेवून शंभर किलोमीटर खोलीचा दाब आणि उष्णता द्यायची, मग एकदम थंड करायची. रस सुटला असेल तर तो काच होऊन बसतो. सेन्सेईंच्या कुपीत ती काच सापडली. तिच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारून मोजलं तर थेट साकुराजिमाचं माप. तेसुद्धा इतरांना लागते त्याहून कितीतरी कमी उष्णतेत. त्यांनी तिला नाव दिलं, ‘पहिला थेंब’. दोन निबंध छापून आले. संस्थेच्या माहितीपत्रकावर थेंबाचा फोटो आला. टीव्हीवाले आले.

टीव्हीवाल्यांनीच ती खिडकी प्रसिद्ध केली. सेन्सेई खडक घोटायला बसले की पूर्वेची मोठी खिडकी सताड उघडायची, असा त्यांचा नेम होता. का, तर “डोंगराला दिसू दे, त्याची आई कशी घोटली जाते ते.” हे वाक्य ते दरवेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणत. टीव्हीवरची मुलगी म्हणाली, किती काव्यात्म. मी मागे उभी राहून टेबलावरची राख पुसत होते, म्हणून मी चित्रात आले नाही.

हो, मी राख पुसत होते आणि मलाही कळलं नव्हतं. शहाणपण मिरवायचं असेल तर हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे टेबल पुसणं म्हणजे श्वास घेण्यासारखं, त्यावर कोण विचार करतो.

त्या दोन निबंधांनंतर साप्पोरोच्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग केला. थेंब नाही. मग जर्मनीतल्या एकांनी केला. थेंब नाही. सेन्सेई गालात हसले. म्हणाले, “त्यांचा हात नाही त्यात.” मग मला म्हणाले, “साकोदा-सान, तुम्ही करा. घरचीच गोष्ट आहे.”

मी डिसेंबरात केला. थेंब नाही. जानेवारीत केला, फेब्रुवारीत केला. हिरवं पीठ जसं घातलं तसं हिरवंच बाहेर यायचं, भाताचं शीतही मऊ होऊ नये तसं. सेन्सेईंनी माझे हात पालथे-उताणे करून बघितले आणि म्हणाले, “घोटण्यात जीव लागतो. बायकांचा हात हलका असतो, त्याला तुमचा इलाज नाही.”

“सेन्सेई, तुमचेही हिवाळ्यातले प्रयोग जमले नव्हते,” मी म्हटलं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रयोगशाळेत त्यावर थट्टा चालायची, थेंबाला थंडी वाजते म्हणून.

“हवा कोरडी असते हिवाळ्यात. पिठातली ओल उडते. त्यावर उपाय केला पाहिजे.”

उपाय म्हणून त्यांनी हवेत वाफ सोडणारं एक यंत्र विकत घेतलं. मार्चभर ते यंत्र माझ्या टेबलाशेजारी फुसफुसत होतं. भिंतीला बुरशी आली, कागद मऊ पडले, माझं नाक वाहायला लागलं, थेंब काही आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर नाचणारे ते आणि वाकडी मी. करार त्यांनी पाच महिन्यांपुरता वाढवला, म्हणाले, “ऑगस्टपर्यंत हात बसवा.”

जूनमध्ये मला उलगडा झाला, तो माझ्या गॅलरीत. आदल्या संध्याकाळी आईशी फोनवर बोलण्याच्या नादात वाऱ्याची बातमी ऐकायची राहिली, आणि सकाळी उशीचे अभ्रे बाहेर घालून मी कामावर गेले. परत आले तर अभ्रे करडे. झटकताना दातांत कचकच आली. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या, अभ्रा बादलीत टाकणार, तेवढ्यात हात थांबला. ओला अभ्रा, उघडी हवा, जून महिना. आमच्या टेबलावर ओल्या पिठाचा खल, उघडी खिडकी, जून महिना.

दुसऱ्या दिवशी अभ्र्यातली चिमूटभर राख मी छोट्या भट्टीत वितळवली, तिची काच केली आणि झोताखाली ठेवली. आकडे आले. ‘पहिल्या थेंबा’चेच आकडे, दशांशापर्यंत. कमी उष्णतेत रस का सुटतो तेही कळलं. खडक वितळतच नव्हता, तो बिचारा तसाच बसून होता. वितळत होती ती डोंगराची राख, जी एकदा वितळून झालेलीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातही कळसा डोंगरानंच काखेत आणून ठेवलेला, आणि ह्यांचा वळसा शंभर किलोमीटर खोल.

मी आधी हसले. एकटीच, त्या यंत्रासमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग आठवलं की माझा करार ऑगस्टला संपतो.

सेन्सेईंना मी एकांतात सांगितलं. दार लावून, वाकून, शक्य तितक्या मऊ शब्दांत. अभ्र्याचं सांगितलं, आकडे पुढे ठेवले.

त्यांनी आकड्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, रस्त्यात कुणी पत्ता विचारावा तसं.

“अभ्रा?”

“हो सेन्सेई. उशीचा.”

“म्हणजे माझी तीस वर्षं आणि तुमची उशी, एका तागडीत?”

“खिडकी बंद करून एकदा घोटून बघू या. उन्हाळ्यातच. आला थेंब तर मी चुकले.”

“साकोदा-सान, राख कुठून येते?”

“डोंगरातून.”

“आणि डोंगराचा रस कुठून येतो?”

“खालून.”

“मग दोघांचे आकडे सारखे यायलाच हवेत की नाही? तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करून आणलंय आणि मलाच भीती घालताय.” ते खूश झाले. खरोखर खूश झाले. पालथ्या घड्यावर पाणी असं आपण म्हणतो, पण घडा निदान स्वतःवर खूश होत नाही.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. साप्पोरोच्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख तोगाशी मॅडम येणार होत्या, ऑगस्टमध्ये. शोचूवाल्या म्हाताऱ्याच्या नातवंडांनी नेमलं होतं त्यांना, थेंब खरा आहे का ते डोळ्यांनी बघायला. थेंब दिसला तर संस्थेला पुढची पाच वर्षं पैसा.

“प्रयोग तुम्ही करायचा,” सेन्सेई म्हणाले. “माझ्या पद्धतीनं. खिडकी उघडी. थेंब आला की त्याच संध्याकाळी तुमच्या पाच वर्षांच्या करारावर सही. नाही आला, तर यंत्रच बंद होईल, मग यंत्र चालवणारीचं काय काम?”

रविवारी मी बोटीनं तारुमिझूला आईकडे गेले. आई एकटी राहते, मांदेलीएवढी बारीक आणि तितकीच काटेरी. लहान मासळीचं पोट बोटानं उघडत, मान वर न करता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ऑगस्टात खिडकी उघडी टाकतो?” तिनं विचारलं. “आणि त्याला प्राध्यापक केलाय?”

“संचालक.”

“बायको कशी राहते मग त्याच्याबरोबर?”

“ते जाऊ दे गं. मी काय करू ते सांग.”

“करायचं काय त्यात. खिडकी उघड आणि सही घे.”

“ते खोटं आहे, आई.”

“खोटं त्याचं. खिडकी तू उघडायला सांगितलीस का? त्यानंच सांगितलंय ना? मग उघड.” तिनं मासा पाण्यातून काढून ताटात मांडला. “एक्केचाळिसाव्या वर्षी कोण देणार तुला दाबयंत्र? इथे येऊन काय करशील, माझ्याबरोबर मासे साफ करशील?”

आईचं बोलणं कडू होतं, पण चुकीचं नव्हतं. असली यंत्रं सगळ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येकावर कुणीतरी चिकटून बसलेलं. मला ते यंत्र आवडायचं. हे सांगायला लाज कशाची. त्याचा दाब चढताना जी बारीक गुणगुण यायची ती ऐकत मी अकरा वर्षं चहा प्यायले होते. ते गेलं असतं तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, नवरा नाही, मूल नाही, नाव नाही. मला ते हवं होतं. खोट्या थेंबावर मिळालं असतं तरी रोज ती गुणगुण ऐकताना मला त्या अभ्र्याची आठवण आली असती, एवढंच.

तोगाशी मॅडम आल्या तो दिवस डोंगरानं खास राखून ठेवल्यासारखा होता. सकाळीच त्यानं काळा लोट सोडला होता आणि वारा सरळ आमच्या टेकडीवर. मॅडम सत्तरीच्या, वाळलेल्या काटकीसारख्या, डोक्यावर पांढरी टोपी. फाटकापासून दारापर्यंत येईतो टोपी करडी झाली. त्यांनी ती काढली, झटकली आणि बोटाला लागलेली राख अंगठ्यानं चोळून बघितली.

प्रयोगशाळेत सेन्सेईंनी आपल्या हातानं खिडकी उघडली. “डोंगराला दिसू दे,” ते म्हणाले, आणि पुढचं वाक्यही म्हणाले. नातवंडांपैकी एक जण आला होता, चकचकीत बुटांचा, त्यानं मान डोलावली. मी घोटायला बसले, त्यांच्याच पद्धतीनं, त्यांनी सांगितलं तितका वेळ. एकच गोष्ट मी आपल्या मनानं केली. खिडकीच्या कठड्यावर दुसरा खल ठेवला. स्वच्छ धुतलेला, कोरडा, रिकामा.

लपवून ठेवला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कुठल्याही धड प्रयोगशाळेत असा रिकामा खल ठेवतातच, बाहेरची घाण शिरते का ते बघायला. आमच्याकडे तो कधी ठेवला गेला नव्हता, कारण सेन्सेईंच्या मते घाण ही इतरांच्या प्रयोगशाळेत असते. त्यांनी त्या खलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ते नातवाला समुद्राचा तळ हातवारे करून खाली ढकलून दाखवत होते. तोगाशी मॅडमनी पाहिलं. खलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चष्मा पुसला. चष्म्यावरही राख होती.

घोटून झाल्यावर मी हिरवं पीठ एका कुपीत भरलं. रिकाम्या खलात जे काही जमलं होतं ते ब्रशनं गोळा करून दुसऱ्या कुपीत भरलं. तेवढ्यात कुपी भरली, इतकी राख पडत होती. दोन्हींत पाण्याचा थेंब, दोन्ही बंद, एकीवर एक रेघ आणि दुसरीवर दोन. एकाच दाबयंत्रात शेजारी शेजारी ठेवून मी कळ दाबली. गुणगुण सुरू झाली. मी चहा केला. मॅडम दोन कप प्यायल्या आणि साप्पोरोच्या बर्फाबद्दल बोलल्या.

कुप्या निघाल्या, कापल्या, घासून गुळगुळीत केल्या, तोवर आठवडा संपत आला. मोठ्या पडद्यासमोर आम्ही चौघं बसलो. सेन्सेई खुर्चीच्या टोकावर. पहिल्या कुपीत हिरव्या दाण्यांच्या मधे मधे थोडी काच दिसली, किंचित, पण दिसली. ते बरं म्हणाले. मग मी दुसरी लावली.

पडदाभर काच. स्वच्छ, अखंड, एकही दाणा नाही. झोत मारला, आकडे आले. सेन्सेई उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी द्वेषानं सांगत नाही, खरंच आले होते.

“बघा,” ते म्हणाले. “तीस वर्षांत इतका शुद्ध थेंब मला मिळाला नव्हता. हाच तो. ह्यापासून आपली सगळी बेटं झाली. तोगाशी-सान, तुमच्या मुलांना साप्पोरोत का जमलं नाही ते आता तुम्हीच सांगा.”

तोगाशी मॅडम पडद्याजवळ सरकल्या. “मुनेकाता-सान, ह्यात ऑलिव्हिनचे दाणे कुठे गेले? हिरव्या खडकात निम्म्याहून जास्त तेच असतं.”

“वितळले.”

“सगळे?”

“सगळे. ह्याचाच अर्थ असा की ओल आपण समजतो त्याहून कितीतरी अधिक खोल जाते आणि सगळाच्या सगळा खडक रस करून टाकते. हे नवीन आहे. हा तिसरा निबंध आहे.” ते नातवाकडे वळले. “तुम्ही ह्या क्षणाला हजर होतात, लक्षात ठेवा.”

नातवानं लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली.

“साकोदा-सान,” मॅडमनी विचारलं, “ही दोन रेघांची कुपी. तिच्यात काय भरलं होतं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तो कठड्यावरचा रिकामा खल होता. त्यात खिडकीतून जे पडलं ते.”

बाहेर डोंगर खोकला, काचा थरथरल्या. नातवानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सेन्सेईंकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. सेन्सेईंचा चेहरा आधी पांढरा झाला, शर्टासारखा. मग मी डोळ्यांनी बघितलं की त्याच्यात रंग परत कसा भरतो. तीस वर्षं संचालकपद असंच कुणाला मिळत नाही.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले आणि हळूच खाली बसले. “हेच बघायचं होतं. राखेचा संशय मला केव्हापासून होता. म्हणून मीच साकोदा-सानना सांगितलं, रिकामा खल ठेवा. स्वतःच्या कामाची परीक्षा स्वतः घ्यावी लागते. तिसरा निबंध ह्याचाच होईल. उघड्या हवेतल्या राखेची भेसळ. आणि साकोदा-सानचं नाव त्यात माझ्याबरोबर असेल, पाच वर्षं त्यांनी हेच काम पुढे न्यावं अशी माझी इच्छा आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. पाच वर्षं, यंत्र, नाव, सगळं टेबलावर मांडून झालं होतं. मला फक्त मान वाकवायची होती, आणि मान वाकवणं आम्हाला बोलण्याच्या आधी शिकवतात.

तोगाशी मॅडमना बहुधा तिथेच थांबता आलं असतं. आमच्यात असं तिथेच थांबतात, समोरच्याला त्याची लाज राखून जाऊ देतात. पण त्या काटकीसारख्या बाईनं मान माझ्याकडे वळवली.

“असं आहे का, साकोदा-सान? खल ठेवायला ह्यांनी सांगितलं होतं?”

मला आई आठवली, मासे साफ करताना. खिडकी तू उघडायला सांगितलीस का?

“नाही,” मी म्हटलं. “मला त्यांनी खिडकी उघडी ठेवायला सांगितलं होतं.”

माझा करार ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी संपला. निरोपाला कुणी आलं नाही, यंत्राच्या पंख्यावरची धूळ मी स्वतः पुसली आणि किल्ली टेबलावर ठेवली. तोगाशी मॅडमनी साप्पोरोत माझ्यासाठी शब्द टाकला, तिथे जागा नव्हती. शोचूवाल्यांनी पैसा एका वर्षानं कमी केला, तरी चार वर्षांचा दिला, कारण संस्था आजोबांच्या नावाची होती. सेन्सेईंचे ते दोन निबंध मागे घेतले गेले नाहीत, त्यांच्या शेवटी ‘पुनर्विचार चालू आहे’ अशी एक ओळ चिकटली. तिसरा निबंध मात्र आला, राखेच्या भेसळीवरचा. सेन्सेईंचा एकट्याचा. शास्त्रज्ञानं किती प्रांजळ असावं ह्यावर ते आता ठिकठिकाणी भाषणं देतात, असं ऐकते. खिडकी कायमची बंद करून तिथे वातानुकूलन यंत्र बसवलंय, आणि त्याखाली पाटी लावलीय, ही सूचना संचालकांची म्हणून.

मी तारुमिझूच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवते. माझ्याकडे राख आता हिवाळ्यात पडते. आई पहिले सहा महिने बोलली नाही, म्हणजे ती रोज बोलली पण त्या विषयावर नाही. मग एकदा ताट वाढताना म्हणाली, “एका वाक्यासाठी एवढं घालवलंस.” मी म्हटलं, दोन वाक्यं होती. तिनं मला जास्तीचा मासा वाढला.

गेल्या जूनमध्ये मी एका कामासाठी शहरात निघाले होते. आमच्या बोटीवर उदोन, म्हणजे रश्शातल्या जाड शेवया, चांगला मिळतो, लोक बोट सुटायच्या आधीच वाडगा घेऊन बसतात. समोरच्या बाकावर मुनेकाता सेन्सेईंच्या पत्नी बसल्या होत्या, वाडग्यातून वाफ येत होती. मी उठून दुसरीकडे जायला निघाले. त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

थोडा वेळ आम्ही नुसत्या शेवया ओढत राहिलो.

“यंत्राची आठवण येते का?” त्यांनी विचारलं.

“येते,” मी म्हटलं. “रोज येते. संध्याकाळी चहा करताना जास्त.”

त्यांनी सॉरी म्हटलं नाही, बरं वाटलं. वाडग्यातलं पाणी संपवलं, तोंड पुसलं. डोंगर उजव्या बाजूला जवळ आला होता आणि राखेचा पट्टा शहराकडे निघाला होता.

“लग्नाला सदतीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, तू उन्हाळ्यात कपडे घरात का वाळवतेस म्हणून. भाषणात सांगायला उदाहरण हवं होतं त्यांना.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे सगळे शर्ट गॅलरीत वाळत घातले.”